दुपारी दोनच्या पेपरची रंगीत तालीम

मे महिन्याचा पहिला रविवार. 2023 मध्ये तो 7 तारखेला आला, 2024 मध्ये 5 तारखेला, 2025 मध्ये 4 तारखेला, आणि तिन्ही वर्षी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा त्याच दिवशी झाली. 2025 पासून वेळ दुपारी दोन ते पाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या घाटंजीत मे महिन्यात दुपारी दोनला काय चालू असतं? काहीच नाही. पारा 43-44च्या घरात, रस्ते ओस, दुकानांची शटरं अर्धी खाली, घरोघरी कूलरसमोर चटई. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलाने या वेळेला आजवर फक्त झोप काढलेली असते. नेमक्या याच वेळेत त्याला 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असतात.

त्यात गाव परकं, शाळा परकी. दारात अंगझडती, मग अंगठ्याचा ठसा. मनगटावर घड्याळ नाही, हातात स्वतःचा पेन नाही. शेजारच्या बाकावर नागपूरच्या नाहीतर लातूरच्या क्लासमधून आलेला, सगळं येत असल्यासारखा बसलेला मुलगा. अशा वेळी छातीत धडधडायला लागतं आणि पारव्याहून किंवा कुर्लीहून आलेली आपली पोर स्वतःशी म्हणते, ‘झालं, माझा अभ्यासच कच्चा आहे.’

बहुतेक वेळा अभ्यास कच्चा नसतो. कच्ची असते ती त्या दिवसाची ओळख. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे: परीक्षेच्या धास्तीचा मोठा भाग अनोळखीपणाचा असतो आणि तेवढा भाग घरबसल्या, खर्चाशिवाय कमी करता येतो. अभ्यासक्रमाची उजळणी सगळेच करतात, दिवसाची उजळणी कोणी करत नाही. नीटचं उदाहरण घेतो आहे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त घरं याच परीक्षेने गांजलेली आहेत. सीईटी, तलाठी भरती किंवा एमपीएससी देणाऱ्यांनी आपापल्या वेळा आणि नियम घालून हाच लेख वाचावा.

धडधड वेगळी, चिंता वेगळी

जीवशास्त्राच्या पुस्तकात अधिवृक्क ग्रंथीचा भाग तुम्ही वाचला आहे. अॅड्रिनॅलिन रक्तात आलं की हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, तळहातांना घाम येतो, पोटात कालवाकालव होते. ‘यापैकी कोणता परिणाम होत नाही’ असा प्रश्न आला तर तुम्ही पाच सेकंदांत सोडवाल. पण तेच परिणाम स्वतःच्या अंगावर दिसले की काहीतरी बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. शरीर कामाला लागलेलं असतं.

थोडी धास्ती हवीच, हे 1908 पासून माहीत आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघा अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. ताण अगदी कमी असला तर शिकणं ढिलं पडतं आणि काम अवघड असेल तर ताण फार झाल्यानेही शिकणं बिघडतं, असं त्यांना दिसलं. मधली पातळी कामाची. त्यामुळे ‘मला अजिबात टेन्शन नको’ ही मागणीच चुकीची आहे. अजिबात टेन्शन नसलेला मुलगा प्रश्न नीट वाचतही नाही.

पुढे 1967 मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी परीक्षेच्या भीतीचे दोन पदर वेगळे केले. एक अंगातला, म्हणजे धडधड, घाम, थरथर. दुसरा डोक्यातला: ‘नापास झालो तर?’, ‘बाबांनी कर्ज काढलंय’, ‘त्याचे किती प्रश्न झाले असतील?’ तेव्हापासूनच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे की गुण खाणारा पदर मुख्यतः दुसरा. कारण साधं आहे. गणित मांडताना आकडे, सूत्र, एकक हे सगळं मनात एकाच वेळी धरून ठेवावं लागतं आणि मनातली ही जागा फार थोडी असते. त्यातली अर्धी कर्जाच्या हिशेबाने व्यापली तर भौतिकशास्त्राला उरणार किती?

म्हणून धडधडीशी भांडू नका, ती असू द्या. डोक्यातल्या वाक्यांचं मात्र काहीतरी करायला हवं.

त्यावर एक उपाय शिकागोच्या गेरार्दो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी तपासला. 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मुलांना आपल्या भीतीविषयी कागदावर मोकळेपणाने लिहायला सांगितलं. जी मुलं एरवी फार घाबरायची, त्यांची कामगिरी याने सुधारली. आपल्याकडे अडचण एवढीच की नीटच्या केंद्रात कागद-पेन नेता येत नाही. तेव्हा हे लिखाण सकाळी घरी करा. वहीचं एक पान घ्या आणि मनात येईल ते लिहा. शुद्धलेखन नको, सुवाच्य अक्षर नको. ‘मला भीती वाटते की...’ इथून सुरुवात करा आणि दहा मिनिटं पेन थांबवू नका. लिहून झाल्यावर पान फाडून टाका, कोणाला दाखवायचं नाही. घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलत असाल तर त्याच बोलीत लिहा. भीती ज्या भाषेत वाटते त्याच भाषेत ती मोकळी होते.

दुसरा उपाय ऐकायला पोरकट वाटेल. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये दाखवलं की भाषण किंवा गणिताच्या चाचणीआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधडत्या छातीला शांत हो म्हणणं खोटं पडतं, हुरूप म्हणणं खपून जातं. खो-खोच्या सामन्याआधीही अशीच धडधड होते, तेव्हा आपण तिला भीती म्हणत नाही.

तालीम

आता मुख्य काम. परीक्षेआधीच्या शेवटच्या महिन्यात दर रविवारी एक पूर्ण सराव पेपर सोडवा, आणि तो दुपारी दोनलाच. पहाटे नाही, रात्री जेवणानंतर नाही. पहिल्या रविवारी चार वाजता डोळे मिटायला लागतील. मिटू द्या. तिसऱ्या रविवारपर्यंत शरीराला कळतं की या वेळेला झोपायचं नाही.

कूलर बंद ठेवा, पंखा चालेल. परीक्षेच्या खोलीत कूलर असेलच याची खात्री नसते आणि वीज जाणं आपल्याला नवीन नाही. गादीवर पालथं पडून पेपर सोडवू नका, बाक किंवा टेबल-खुर्ची घ्या. शाळेची एखादी खोली रविवारी उघडून मिळाली तर चार-पाच जण मिळून बसा. शेजारच्याच्या पान उलटण्याचा आवाजही सवयीचा व्हायला हवा. कोणाचं पान आधी उलटलं म्हणजे त्याचे प्रश्न जास्त झाले असं नसतं. कित्येकदा त्याने ते सोडून दिलेले असतात.

झेरॉक्सच्या दुकानातून ओएमआर उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून आणा आणि काळ्या बॉलपेनने गोल भरा. मोबाइलवर चाचण्या सोडवून ही सवय लागत नाही. गोल एकदा भरला की पुसता येत नाही आणि परीक्षेच्या खोलीत हात थरथरतो तो याच धाकाने. सगळे गोल शेवटी भरायचे ठरवून ठेवणारी मुलं पावणेपाचला घामाघूम होतात. एक पान सोडवायचं, त्या पानाचे गोल भरायचे, मग पुढचं पान. या क्रमाने प्रश्नाचा क्रमांक आणि गोल यांची जुळणी चुकण्याची भीतीही जाते.

मनगटी घड्याळ नीटला चालत नाही. खोलीत भिंतीवर घड्याळ असतं, पण ते पाठीमागे असू शकतं. म्हणून तालमीतही भिंतीवरच्या घड्याळावर वेळ पाहायला शिका. जीवशास्त्राचे 90 प्रश्न पहिल्या 50 मिनिटांत, मग रसायनशास्त्र, शेवटी भौतिकशास्त्राला सगळ्यात जास्त वेळ, हा क्रम बऱ्याच मुलांना मानवतो. तुमचा वेगळा असेल तर तो ठेवा. मात्र तो एप्रिलमध्ये ठरवा, 2 वाजून 1 मिनिटाने नाही.

कपडेही तालमीत घाला. अर्ध्या बाह्यांचा हलका शर्ट किंवा कुर्ता, मोठी बटणं नकोत, बुटांऐवजी चपला किंवा सपाट सँडल. मुलींनी नाकातली चमकी, कानातलं, धातूच्या क्लिपा घरीच ठेवाव्यात. गळ्यातला काळा दोरा, ताईत, हातातला गंडा यावरून दारात हुज्जत होते आणि त्या हुज्जतीनेच अर्धा धीर जातो. परंपरेचं काही घालणं आवश्यकच असेल तर झडतीला वेळ मिळावा म्हणून लवकर पोचा. मे म्हणजे लग्नसराई. मावसबहिणीच्या लग्नात दोन्ही हातांवर मेंदी काढून घेऊ नका, बोटांचे ठसे घेताना नसती अडचण येते.

मुलींना एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी आणि ती आईने किंवा शिक्षिकेने सांगावी: झडती होईल, आडोशाला होईल, महिला कर्मचारीच करतील. न सांगता अंगावर हात पडला की कोणीही बावरतं. माहीत असेल तर ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सराव कसा करायचा, यालाही महत्त्व आहे. पुस्तक उघडून तेच पान चौथ्यांदा वाचणं सुखाचं असतं, कारण सगळं येतंय असं वाटतं. टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दोन गट केले. एकाने यादी पुन्हा पुन्हा वाचून पाठ केली, दुसऱ्याने न पाहता आठवून. मग दोन्ही गटांतल्या काहींना मुद्दाम ताण दिला. वाचणाऱ्यांचं आठवणं त्या ताणाखाली घसरलं, आठवून शिकलेल्यांचं जवळपास तसंच राहिलं. म्हणजे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर क्रेब्ज चक्र काढणं हा अभ्यासही आहे आणि धास्तीवरचा उपायही. काढताना चुकलं की त्रास होतो. तो त्रास एप्रिलमध्ये घरी झालेला बरा.

अडला प्रश्न आणि वजा गुण

बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला वजा एक. या ‘वजा एक’ने मुलांच्या मनात जेवढी जागा घेतली आहे तेवढी त्याची लायकी नाही. हिशेब करून पाहा. चारही पर्याय सारखेच वाटताहेत आणि आंधळेपणाने गोल भरला, तरी सरासरीने पाव गुण अधिकच पडतो. एक पर्याय नक्की चूक म्हणून खोडता आला तर सरासरी फायदा सुमारे 0.67, दोन खोडता आले तर दीड गुण. सरासरी म्हणजे हमी नव्हे. दहा आंधळ्या उत्तरांत तुमचं नशीब कसंही जाऊ शकतं, म्हणून सरसकट अंदाज लावत सुटा असं मी म्हणणार नाही. पण एक नियम घरून ठरवून न्या: ‘दोन पर्याय खोडले गेले तर गोल भरायचा, एकही खोडता आला नाही तर सोडायचा.’ एका पर्यायाच्या बाबतीत काय करायचं ते आपल्या सराव पेपरांवरून ठरवा. नियम ठरला की प्रत्येक प्रश्नाशी नवी घालमेल उरत नाही. डोकं थकतं ते प्रश्नांपेक्षा या घालमेलीने.

पहिल्याच पानावर न येणारे तीन प्रश्न लागोपाठ आले तर? येतात. 2025चा भौतिकशास्त्राचा भाग आठवा. अनेक चांगली मुलं तो पाहून हबकली आणि उरलेला पेपरही हातचा घालवून बसली. निकाल लागला तेव्हा देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण 720 पैकी 686 होते. आदल्या वर्षी 720 पैकी 720 मिळवणारे कितीतरी होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा 2024 मध्ये 162 होती, ती 2025 मध्ये 144वर उतरली. पेपर अवघड होतो तेव्हा तो सगळ्यांनाच अवघड होतो आणि रेषाही खाली येते. खोलीत बसलेल्या मुलाला हे दिसत नाही. त्याला फक्त स्वतःची कोरी पानं दिसतात.

तरीही मेंदू एकदम कोरा पडला, काहीच आठवेना झालं, तर पेन खाली ठेवा. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवा. नाकाने श्वास घ्या, तो भरल्यावर वरून आणखी थोडा घ्या, मग तोंडाने सावकाश, जितका लांबवता येईल तितका सोडा. असं पाच वेळा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये याच प्रकारच्या श्वासाचा रोज पाच मिनिटं, महिनाभर सराव करून पाहिला तेव्हा लोकांची अस्वस्थता कमी झालेली दिसली. यातली किमया श्वास सोडण्यात आहे. सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. सगळा खटाटोप मिनिटाभराचा आहे आणि तुमच्याकडे 180 मिनिटं आहेत. त्यानंतर त्या अडलेल्या प्रश्नाकडे परत जाऊ नका. वनस्पतिशास्त्रातला एखादा सोपा, ओळखीचा प्रश्न शोधा आणि तो सोडवा. एक गोल खात्रीने भरला की हात सुटतो. हाही प्रकार तालमीत करून पाहिलेला हवा. पहिल्यांदाच परीक्षेत करायला गेलात तर श्वास मोजतानाच घाबराल.

मराठी माध्यम निवडलं असेल तर प्रश्नपुस्तिकेत मराठीसोबत इंग्रजी मजकूरही असतो. भाषांतरात घोळ वाटला तर इंग्रजी प्रश्न प्रमाण मानला जातो. म्हणून सरावाच्या वेळी अडलेल्या प्रश्नाचा इंग्रजी मजकूर वाचायची सवय लावा. मराठीत विचित्र दिसणारी पारिभाषिक संज्ञा इंग्रजीत ओळखीची निघते आणि नसतं घाबरणं वाचतं.

तो रविवार

केंद्र यवतमाळला आलं तर बरं. घाटंजीपासून अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून पोचता येतं. पण लग्नसराईतल्या रविवारच्या एसटीवर भिस्त ठेवू नका. दोन-तीन घरांनी मिळून गाडी ठरवा, किंवा आधीची बस पकडा आणि त्याच्याही आधीची वेळ ठरवून ठेवा. केंद्र अमरावती किंवा नागपूरला असेल तर आदल्या दिवशीच जा. उतरायला नातेवाईक असतील तर एक विचारून घ्या: त्या रात्री त्यांच्याकडे कार्यक्रम तर नाही ना? मंडप-डीजेच्या शेजारी झोप लागत नाही आणि ‘एवढा काय अभ्यास करतोस रे, बस जरा’ म्हणणारे काका प्रत्येक घरात एक असतातच. शनिवारी संध्याकाळी केंद्राच्या दारापर्यंत एकदा जाऊन या. ते दार, ती गल्ली, पाण्याची सोय, सावली कुठे आहे, एवढं पाहून ठेवा. रविवारी ते परकं वाटणार नाही.

शनिवारी रात्री झोप आली नाही तरी घाबरू नका. एका रात्रीच्या अर्धवट झोपेने वर्षाचा अभ्यास जात नाही. झोप येत नाही म्हणून कुढत बसण्याचाच त्रास जास्त. डोळे मिटून पडून राहिलात तरी चालेल. झोपेची किंवा ‘नर्व्हस न होण्याची’ गोळी कोणी देऊ केली, मग तो मेडिकलवाला ओळखीचा का असेना, तर घेऊ नका. ज्या गोळीचा आपल्या शरीरावर काय परिणाम होतो हे माहीत नाही, ती परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घ्यायची नसते. एनर्जी ड्रिंकच्या डब्यांचंही तेच. त्याने धडधड वाढते आणि लघवीला लागतं. सुरुवातीच्या तासात आणि शेवटच्या अर्ध्या तासात खोलीबाहेर सोडत नाहीत, मध्ये जाऊन आलात तर झडती आणि ठसे पुन्हा.

जेवणाचा हिशेब नीट करा. साधारण अकरापासून आत घेतात, दीडला फाटक बंद होतं, पाचला पेपर सुटतो. म्हणजे सहाएक तास पोटाला काही नाही. साडेदहाला नेहमीचंच जेवा: पोळी, भाजी, वरण-भात. शेव, तर्री-पोहे आणि नवलाईचं काहीही त्या दिवशी वर्ज्य. पारदर्शक बाटलीतून पाणी नेता येतं, ते घोट घोट प्या. मधुमेह असलेल्या मुलांना साखरेच्या गोळ्या किंवा फळासारखी सोय मिळते, त्याची अट माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. नियम वर्षागणिक बदलतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारी यादी न वाचता त्या वर्षीची पुस्तिका आणि प्रवेशपत्रामागच्या सूचना वाचा. प्रवेशपत्र, त्यावर चिकटवायचे फोटो, ओळखपत्र हे सगळं शुक्रवारीच एका पिशवीत घाला. रविवारी सकाळी झेरॉक्सचं दुकान उघडायची वाट पाहत उभं राहणं ही धास्तीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळण्याजोगी जात.

सगळ्यात वाईट वेळ असते दीड ते दोन. खोलीत बसलेले आहात, पुस्तक नाही, मोबाइल नाही. पावणेदोनला प्रश्नपुस्तिका हातात येते, पण दोनशिवाय प्रश्न सोडवायचे नाहीत. या अर्ध्या तासासाठी काही ठरवून न्या. कोणी मनात आवर्त सारणीचा एखादा गट म्हणतं, कोणी श्वास मोजतं. माझा सल्ला: आसपासच्या कोणाशी ‘तू कोणता क्लास लावला होता?’ ही चर्चा करू नका. त्या उत्तराचा तुमच्या पेपरला काडीचाही उपयोग नाही.

आईबाबांसाठी थोडं

कापसाचा भाव काय मिळाला, सोयाबीनचं काय झालं, क्लासची फी कशी भरली हे तुमच्या मुलाला माहीत आहे. तुम्ही सांगितलं नसलं तरी माहीत आहे. म्हणून ‘आमचं काय, सगळं तुझ्यासाठीच चाललंय’ हे वाक्य मे महिन्यात बोलू नका. ते प्रेमानेच बोललं जातं, पण परीक्षेच्या खोलीत मुलाच्या डोक्यातली मोलाची जागा तेच अडवून बसतं. ‘डॉक्टर होऊनच ये’ हेही नको. त्याऐवजी अगदी साधं बोला: ‘पाचला फाटकाबाहेर डाव्या हाताला उभे असू, मग रसवंतीवर जाऊ.’ परीक्षेनंतरही जग चालू राहणार आहे, हे त्यातून कळतं.

बाहेर आल्यावर पहिला प्रश्न ‘किती प्रश्न सोडवले?’ हा नसावा. सांगायचं असेल तर पोर स्वतः सांगेल. आणि गावात आल्यावर भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला ‘कसा गेला रे पेपर?’ विचारायचा हक्क आहे असं नाही. दाराशी आलेल्यांना परस्पर चहा पाजून वाटेला लावणं हे तुमचं काम.

निकालानंतर चौकात लागणाऱ्या फ्लेक्सबद्दलही बोललं पाहिजे. क्लासवाले आणि पुढारी दोघंही फोटोसकट अभिनंदन छापतात. ज्यांचा फ्लेक्स लागत नाही त्या मुलांची संख्या कितीतरी मोठी आहे. 2025 मध्ये देशभरात बावीस लाखांहून अधिक मुलं नीटला बसली, बारा लाखांहून अधिक पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. हे आकडे मुलाला परीक्षेआधीच सांगा, घाबरवायला नाही. जागा न मिळणं म्हणजे नालायक ठरणं नाही, हे त्याला आकड्यांवरून पटावं म्हणून. बीएएमएस, बीएचएमएस, पशुवैद्यक हे मार्ग नीटच्याच गुणांवर आहेत. फार्मसी आणि कृषी शाखा राज्याच्या सीईटीने उघडतात, बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी. नीटला किती वेळा बसावं यावर आज मर्यादा नाही, वयाची वरची अटही 2022 मध्ये निघाली. दुसरा रस्ता माहीत असलेला मुलगा पहिल्या रस्त्यावर कमी अडखळतो.

काही मुलांची अवस्था मात्र या सगळ्याच्या पलीकडची असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, पुस्तक उघडलं की उलटी, बोलणं बंद, किंवा ‘माझ्या जगण्याचा काय उपयोग’ असं बोलणं. याला परीक्षेची भीती म्हणून सोडून देऊ नका, बाहेरची बाधा म्हणून तर अजिबात नको. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 वर फोन लावा. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येतं. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची इतकी वर्षं पाहिली, तिथे हा फोन लावण्यात लाज कसली?

पेपर झाल्यावर

रविवारी रात्रीच क्लासवाल्यांच्या उत्तरसूची फिरायला लागतात. पाहू नका म्हटलं तरी पाहाल. पाहायच्याच असतील तर सोमवारी सकाळी, झोप काढून, एकदाच पाहा आणि वेगवेगळ्या क्लासच्या सूचीत उत्तरं वेगळी असतील हे धरून चाला. परीक्षा घेणाऱ्या एनटीएची अधिकृत सूची नंतर येते. तीत चूक वाटली तर प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून आक्षेप घेता येतो, गेल्या काही वर्षांत ते 200 रुपये होतं.

परीक्षेत गडबड झाल्याच्या बातम्याही याच दिवसांत येतात. 2024 मध्ये वाया गेलेल्या वेळेबद्दल वाढीव गुण मिळालेल्या 1,563 मुलांची फेरपरीक्षा 23 जूनला ठेवली गेली. पेपरफुटीवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 23 जुलैला न्यायालयाने सगळी परीक्षा रद्द करायला नकार दिला. ते अडीच महिने मुलांनी कसे काढले असतील! राग यावा असंच ते होतं. पण त्या काळात रोज दहा व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाच्या हाती शेवटी काही आलं नाही. बातमी दिवसातून एकदा वाचा आणि घरातल्या एकाच माणसाला ते काम द्या.

मे-जूनमध्ये रिकामे हात फार छळतात, तेव्हा त्यांना कागदपत्रांच्या कामाला लावा. प्रवेशफेरी सुरू झाली की अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता यावाचून मुलं अडतात आणि वैधतेला वेळ लागतो. तहसीलच्या सेतू केंद्रात अर्ज दिला का, वैधता समितीकडे प्रकरण कुठे अडलंय, दाखल्यातलं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, हे आत्ताच तपासा. बाबांना पाठवू नका, स्वतः जा. रांगेत उभं राहून आलेली पोर संध्याकाळी थकून जेवते आणि झोपते.